थंडीत पंखे बंद, मग वीज कशी कमी पडते?

औसा तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "हिवाळ्यात कूलर, पंखे, एसी सगळं बंद असतं. तरी वेळ अमावस्येच्या (डिसेंबर-जानेवारीतल्या सणाच्या) आगेमागेच आमची डीपी जळते, मोटर उचलत नाही, फीडर सारखा बंद पडतो. भाचा टेक्सासला असतो. २०२१ मध्ये तिकडंही थंडीतच तीन-चार दिवस लाइट नव्हती म्हणतो. एवढ्या श्रीमंत मुलखात हे कसं झालं? थंडीचा आणि विजेचा खरंच काही संबंध आहे, की 'लोड आलाय' म्हणून आम्हाला नुसतं वाटेला लावतात?"

संबंध आहे. पण तुम्ही एकाच दाव्याला दोन वेगळी जनावरं बांधलीत, ती आधी सोडवू. टेक्सासात वीज तयारच होईना झाली होती. तुमच्याकडं वीज तयार होते, अंबाजोगाईजवळच्या गिरवलीसारख्या ४०० केव्ही उपकेंद्रापर्यंत ती बिनबोभाट येते, आणि अडकते बहुतेक वेळा शेवटच्या अर्ध्या-एक किलोमीटरात. दोन्हीकडं मूळ मात्र एकाच जातीचं आहे. सगळ्यांना एकाच कारणासाठी एकाच वेळी वीज लागते, आणि नेमकी त्याच वेळी ती देणारी यंत्रणाही आखडलेली असते.

तुमच्या डीपीवर, म्हणजे शेताजवळच्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर), कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती पंप आहेत, तार कोणती, शेवटची मोटर किती लांब, यावर नेमकं उत्तर बदलेल. त्यामुळे आधी आपली वीज कोणत्या प्रकारे जाते ते ओळखा. ठरल्या वेळी आख्खा शेती फीडर, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडं येणारी ११ केव्हीची लाइन, बंद होत असेल तर ते वेळापत्रक किंवा भारनियमन. पहाटे कधीही आख्खा फीडर जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत परत येतो, तर लाइनवर दोष आहे. वीज आहे, शेजारच्या डीपीवर मोटरी चालू आहेत, पण तुमची नुसती गुणगुणते, तर दुखणं तुमच्या डीपीचं किंवा तिथून निघणाऱ्या तारेचं. या तिन्हीला लोक 'लाइट नाही' असंच म्हणतात आणि मग तक्रारही चुकीच्या दारात जाते.

आता आधी टेक्सास, कारण तिथलं प्रकरण समजलं की ग्रिड, म्हणजे वीजकेंद्रं आणि ग्राहक जोडणारं जाळं, काय चीज आहे ते कळतं.

१४ फेब्रुवारी २०२१ च्या संध्याकाळी तिथली मागणी ६९ हजार मेगावॉटच्या वर गेली. हिवाळ्यातला तोवरचा उच्चांक होता तो. तिथल्या निम्म्याहून जास्त घरांत ऊब विजेवर येते. कडाका वाढला की साधा हीट पंप (बाहेरची ऊब ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र) पुरत नाही, मग त्यातली तापणारी पट्टी आपोआप चालू होते, आणि एकेक घर पाच-दहा किलोवॉट ओढायला लागतं. आपल्या भाषेत, प्रत्येक घराने दोन-तीन गिझर रात्रभर चालू ठेवले असं समजा. थंडीच्या मागणीची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे: ती पाऱ्याबरोबर पायरीपायरीने चढते. फ्रान्समध्ये घरं विजेवर तापवण्याची पद्धत आहे, तिथं हिवाळ्यात पारा एक अंश उतरला की मागणी साधारण २,४०० मेगावॉटने वाढते असं तिथले ग्रिडवाले धरतात.

मागणी चढत असताना पुरवठा घसरत होता. अमेरिकेच्या केंद्रीय नियामकांच्या नोव्हेंबर २०२१ मधल्या अहवालानुसार त्या थंडीच्या लाटेत टेक्सास आणि आजूबाजूच्या राज्यांत मिळून १,०४५ जनित्र-संचांमध्ये बंद पडणं, कमी चालणं किंवा चालूच न होणं असे ४,१२४ प्रसंग घडले. त्या संचांपैकी ५८ टक्के नैसर्गिक वायूवरचे होते, २७ टक्के पवनचक्क्या. 'पवनचक्क्या गोठल्या म्हणून ग्रिड पडलं' असं त्या वेळी फिरत होतं. ते अर्धवट आहे, वायूचा वाटा दुपटीहून मोठा होता. कारणांत गोठणं सुमारे ४४ टक्के, आणि इंधन न मिळणं सुमारे ३१ टक्के.

गोठलं काय, तर बॉयलर नव्हे. गोठल्या बोटाएवढ्या नळ्या. वाफेचा, पाण्याचा दाब मोजायला एक बारीक नळी मुख्य पाइपातून मापकापर्यंत आणलेली असते, तिच्यात पाणी स्थिर उभं असतं. ते गोठलं की मापक खोटा आकडा दाखवतो, आणि संरक्षण यंत्रणा तो आकडा खरा मानून संच बंद करते. साउथ टेक्सास अणुकेंद्राचा पहिला संच, १,२०० मेगावॉटच्या वरचा, १५ तारखेच्या पहाटे असाच बंद पडला. पाणीपुरवठ्याच्या पंपांची दाबनळी गोठली होती. अणुभट्टीला स्वतःला काहीही झालेलं नव्हतं.

वायूचं त्याहून विचित्र. विहिरीतून येणाऱ्या वायूबरोबर पाण्याचा अंश असतो. तो विहिरीच्या तोंडाशी गोठला आणि उत्पादन आटलं. जो वायू होता तो पुढं ढकलायला लागणारे काही कॉम्प्रेसर आणि विहिरींवरची यंत्रं विजेवर चालत होती, आणि त्यांचे फीडर 'अत्यावश्यक' यादीत नोंदलेले नव्हते. वीज वाचवायला फीडर कापले, त्यात हेही कापले गेले. विहिरीवरच्या मोटरची वीज तोडायची आणि वर टाकीत पाणी का येईना म्हणून विचारायचं, तसला प्रकार. विजेअभावी वायू नाही, वायूअभावी वीज नाही.

मग फीडर कापण्याची एवढी घाई का केली? मळणी यंत्र डोळ्यांपुढं आणा. ट्रॅक्टर एका लयीत चालू आहे. कोणी एकदम चार पेंढ्या जास्त कोंबल्या की इंजिनाचा आवाज बसतो, फेरे कमी होतात. इंजिनाला वाव असेल तर ते डिझेल जास्त घेऊन सावरतं, नसेल तर पेंढ्या थांबवाव्या लागतात, नाहीतर इंजिन बंद. ग्रिडचा आवाज म्हणजे फ्रिक्वेन्सी. आपल्याकडं ती ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. वीज साठून राहत नाही, त्यामुळे मागणी वाढून निर्मिती कमी पडली की त्याच क्षणी देशभरातल्या जनित्रांचे फेरे मंदावतात. १५ फेब्रुवारीच्या रात्री दोनच्या सुमारास टेक्सासात ती ५९.३ पर्यंत उतरली आणि ५९.४ च्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. ९ मिनिटं राहिली असती तर जनित्रं स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप सुटत गेली असती आणि सगळं राज्य काळोखात गेलं असतं. ते ग्रिड कोरं सुरू करायला कित्येक दिवस, कदाचित आठवडे लागले असते.

म्हणून जास्तीत जास्त २० हजार मेगावॉटची कपात झाली. आपल्या परळी औष्णिक केंद्राच्या २५० मेगावॉटच्या तिन्ही संचांची मिळून क्षमता ७५०. म्हणजे सव्वीस-सत्तावीस परळ्या एकदम बंद. कपात आळीपाळीने करायची ठरली होती, पण रुग्णालयं वगैरेंचे फीडर सोडल्यावर आळीपाळी करायला फीडरच उरले नाहीत. ज्यांची गेली त्यांची गेलीच, आणि कपातीचा आदेश जवळपास ७० तास राहिला. भाच्याचं सांगणं बरोबर आहे. सरकारी मोजणीत या वादळाचे बळी २४६ आहेत.

शेजारच्या राज्यांनी मदत का केली नाही? कारण टेक्सासचं ग्रिड जाणूनबुजून वेगळं ठेवलेलं आहे, केंद्रीय नियमन नको म्हणून. बाहेरून वीज आणायच्या जोडण्या सगळ्या मिळून १,२०० मेगावॉटच्या आसपास. आणि गोठू नये म्हणून पाइपांना गरम पट्ट्या, आच्छादन करा, ही शिफारस फेब्रुवारी २०११ मध्ये तिथंच असाच प्रकार घडल्यावर झालेली होती. सक्ती नव्हती, ती २०२१ नंतर कायद्याने आली. इथं श्रीमंती-गरिबीचा प्रश्न नाही. उन्हाळ्याच्या हिशोबाने बांधलेली यंत्रणा हिवाळ्यात तपासली गेली, एवढंच.

आपल्याकडं असं होईल का? गोठून नाही. परभणीचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत, तरी शून्य फार लांब राहतं. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिण ग्रिडही बाकी देशाला जोडलं गेलं. तुमच्या जिल्ह्याच्या दाराशीच घडलेली गोष्ट. तेव्हापासून सगळ्या देशाची फ्रिक्वेन्सी एक. छत्तीसगडचा कोळसा तुमच्या हरभऱ्याला पाणी देऊ शकतो.

पण 'एकाच कारणाने दोन्ही बाजूंनी मार' हा प्रकार मराठवाड्याला नवा नाही, आपल्याकडं त्याचं नाव दुष्काळ. औष्णिक केंद्राला थंड करायला पाणी लागतं. सरकारी मर्यादा जुन्या केंद्रांसाठी एका मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर. ७५० मेगावॉट चोवीस तास चालवायचे तर दिवसाला ६ कोटी ३० लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ६,३०० टँकर. परळीला पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले, २०१५ मध्ये पुन्हा तेच. आणि त्याच वर्षांत विहिरी-बोअरची पाणीपातळी खोल गेलेली, म्हणजे तेवढ्याच पाण्याला मोटर जास्त वेळ चालवावी लागते. टेक्सासात बर्फाने जे केलं ते आपल्याकडं कोरड करते.

आता आपला हिवाळा. कूलर-पंखे बंद असतात हे गावठाणाचं चित्र. शेती फीडर बघा. हरभरा, गहू, ज्वारी, ऊस, भाजीपाला, सगळ्यांचं पाणी डिसेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात निवांत पडलेल्या मोटरी एकाच पंधरवड्यात चालू होतात. परभणी-जालन्याकडं जायकवाडीचं आवर्तन सुटलं की कालव्याकाठच्या मोटरी तर एकाच दिवशी. त्यात पहाटे साडेपाच ते आठ गिझर आणि पाणी तापवायचे रॉड. तीन किलोवॉटचा झटपट गिझर १३ अँपिअर ओढतो, दीड किलोवॉटचा रॉड साडेसहा. उन्हाळ्यातला पंखा ७० वॉटचा. एका रॉडमागं वीस पंखे बसतात.

पुरवठ्याच्या बाजूला हिवाळ्याच्या काही अंगभूत अडचणी आहेत. महाराष्ट्रातले पवनवीजेचे सुगीचे दिवस जून ते सप्टेंबर, हिवाळ्यात धाराशिव-बीडच्या पठारावरची पाती बरीचशी निवांत. सौर पॅनेलला थंडी मानवते, तापलं नाही की ते जास्त देतं, पण डिसेंबरात सूर्य सातला उगवतो आणि गिझर सहाला लागतो. संध्याकाळचंही तसंच. ती फट जलविद्युत भरून काढते, पण कोयनेचं पश्चिमेकडं वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटपाच्या लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलेलं आहे. ते जूनपासून मेपर्यंत पुरवायचं असतं, जानेवारीत उधळून चालत नाही.   

तुमची डीपी. खरा तुटवडा इथं आहे, आणि तो साध्या गुणाकाराने दिसतो.

५ एचपी म्हणजे शाफ्टवर ३.७ किलोवॉट. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तारेतून ४.७ किलोवॉट जातात. पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातला खऱ्या कामाचा हिस्सा) ०.८ असेल तर ते ५.८ केव्हीए, म्हणजे ४१५ व्होल्टला साधारण ८ अँपिअर. ६३ केव्हीएच्या रोहित्राची पूर्ण क्षमता ८४ अँपिअर. भागाकार करा: दहा मोटरी. ओढूनताणून अकरा. आता तुमच्या डीपीवर मोजा. अठरा निघाल्या तर १०४ केव्हीए, म्हणजे पासष्ट टक्के जास्त. ३ एचपीचं कनेक्शन घेऊन ५ बसवलेली आणि ५ चं घेऊन साडेसात बसवलेली मोटर कागदावर दिसत नाही, तारेवर चोरून टाकलेले आकडे तर नाहीतच. आणि बोअर खोल गेला की मोटर बदलताना एचपी वाढवतो आपण सगळेच.

थंडी खरं म्हणजे रोहित्राची मैत्रीण आहे. बाहेर दहा अंश असेल तर तेल लवकर गार होतं, थोडा जास्त भार काही तास निभावून जातो. मेमध्ये जो भार मारून टाकील तो जानेवारीच्या रात्री जिरतो. तरी डीपी जळते ती यामुळे की पाचपन्नास मिनिटांचा नव्हे, सलग आठ तासांचा आणि रोजचा जादा भार असतो, तेल पातळीच्या खाली गेलेलं असतं, आणि ब्रीदरमधली (रोहित्रात जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली) सिलिका जेल कधीच निळ्याची गुलाबी झालेली असते. दमट हवा आत जाते, गुंडाळीचं इन्सुलेशन ओलं होतं. नवी डीपी आली आणि आठ दिवसांत तीही गेली, असं जिथं होतं तिथं हाच हिशोब चुकलेला असतो. रोहित्र बदललं, भार तोच.

दुसरी गोष्ट तार. विझल तारेचा, म्हणजे शेतीकडच्या बारीक ॲल्युमिनियम तारेचा, रोध किलोमीटरला ०.९ ओहमच्या आसपास. दहा मोटरींचा भार अर्धा किलोमीटर लांब असेल तर शेवटाला ४१५ चे साधारण ३५० व्होल्ट उरतात. मोटरीला काम तेवढंच करायचं असतं, त्यामुळे व्होल्टेज कमी झालं की ती अँपिअर जास्त ओढते. ३४० व्होल्टला ८ चे जवळपास १० अँपिअर होतात, आणि गुंडाळीतली उष्णता दीडपट. जास्त अँपिअरने तारेत व्होल्टेज आणखी पडतं, मग आणखी अँपिअर. टेक्सासातल्या वायू-विजेसारखाच हा फेरा, फक्त अर्ध्या किलोमीटरातला. गिझरचं उलट असतं. व्होल्टेज पडलं की तो कमी ओढतो, पण पाणी तापायला वेळ लागतो म्हणून जास्त वेळ चालू राहतो, आणि सगळ्या घरांचे गिझर एकाच वेळी चालू सापडतात.

तिसरी गोष्ट ऑटो स्विच, वीज आली की मोटर आपोआप चालू करणारा. माझ्या मते मराठवाड्यात जळणाऱ्या निम्म्या फ्यूजांचा खरा धनी हाच. रात्री दारं धरायला कोण उठणार म्हणून प्रत्येकाने बसवलेला असतो, आणि त्यात चूक काही नाही, थंडीत विंचू-सापाच्या वाटेने कोणी का जावं? पण मोटर सुरू होताना सहापट अँपिअर घेते. अठरा मोटरी, प्रत्येकी ८, सहापट: आठशेच्या वर अँपिअरची मागणी ८४ अँपिअरच्या रोहित्रावर एकाच सेकंदाला येते. डीपीच्या तोंडाशीच व्होल्टेज साधारण एक तृतीयांशाने बसतं. मोटरीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे निम्म्याच्याही खाली. कुठलीच मोटर उठत नाही, सगळ्या गुणगुणत राहतात, आणि फ्यूज जातो. टेक्सासातही बंद ठेवलेला फीडर परत जोडताना हीच अडचण होती. तासन्‌तास गार पडलेल्या सगळ्या घरांचे हीटर एकदम चालू होतात आणि आधीपेक्षा मोठा भार अंगावर येतो.

यावर उपाय फुकटासारखा आहे. बहुतेक डिजिटल ऑटो स्विचना वेळ लावायची सोय असते. डीपीवरच्या सगळ्यांनी बसून क्रम ठरवा आणि प्रत्येक मोटरीत पंधरा-वीस सेकंदांचं अंतर ठेवा. अठरा मोटरींना पाच-सहा मिनिटं पुरतात. क्रम लावताना सगळ्यात लांबची मोटर पहिली ठेवा. तार मोकळी असते तेव्हा तिला व्होल्टेज मिळतं, शेवटी ठेवली तर ती उठणारच नाही. तिथं भावकी आडवी येते हे माहीत आहे, 'माझी आधी' वरून. ज्याचं शेत डीपीला लागून आहे त्याने थांबायचं, कारण त्याची मोटर कधीही उठते.

कॅपॅसिटर हा दुसरा उपाय. ३ एचपीला १ केव्हीएआर (हे कॅपॅसिटरचं माप), ५ ला २, साडेसातला ३, १० ला ४. ५ एचपीला २ चा लावला की पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ च्या आसपास जातो आणि तारेतले ८.१ अँपिअर ६.८ होतात. तारेतली झीज अँपिअरच्या वर्गाने होते, त्यामुळे ती तीस टक्क्यांच्या जवळपास उतरते, आणि त्याच ६३ च्या डीपीवर दहाऐवजी बारा मोटरी बसतात. एकट्याने लावून फायदा थोडा, सगळ्यांनी लावला तर व्होल्टेज डोळ्यांना दिसेल इतकं वाढतं. थेट स्टार्टर असेल तर कॅपॅसिटर स्टार्टरच्या मोटरकडच्या तीन टोकांना जोडा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही लाइनमधून सुटेल. स्टार-डेल्टा असेल तर जोडणी वेगळी, ती वायरमनकडूनच करून घ्या. आणि 'दोनाने फायदा तर पाचाने जास्त' हे इथं चालत नाही. मोठा लावला तर मोटर बंद होताना तिच्या टोकांवर उलट जास्त व्होल्टेज चढतं. एक-दोन हंगामात कॅपॅसिटर मरतो. टाँग टेस्टरने (तारेभोवती धरून अँपिअर मोजायच्या चिमट्याने) लावण्याआधी आणि नंतर लाइनच्या बाजूचे अँपिअर बघा, एखादा अँपिअरही कमी होत नसेल तर तो नुसता डबा आहे.

पहाटे फीडर जाण्याचं कारण वेगळं. ११ केव्हीच्या पिन इन्सुलेटरवर वर्षभराची धूळ, पाचट जाळल्याची काजळी बसते. कोरडी असताना ती काही करत नाही. धुई पडली की तिचा ओला थर होतो, त्यावरून वीज सरपटते आणि उपकेंद्रातला ब्रेकर सुटतो. ऊन आलं, वाळलं, फीडर टिकला. म्हणून दुपारी लाइनमनने पाहिलं तर 'काहीच नाही' असं दिसतं. तडा गेलेला इन्सुलेटर याच वेळी दगा देतो. थंडीत तार आकसून ताठ होते, सैल जंपर आणि जुनी जोडणी तिथंच तुटते. पहाटे कुठल्या खांबावर ठिणगी दिसली किंवा चरचर आवाज आला तर खांबाचा क्रमांक लिहून ठेवा. ती माहिती लाइनमनला सोन्यासारखी आहे, नाहीतर त्याला वीस किलोमीटर लाइन पायी धुंडाळावी लागते.

मोटर गुणगुणते, गावात एका आळीला उजेड लख्ख आणि बाकी दोन आळ्यांत बल्ब निम्मे, असं दिसलं तर ११ केव्हीचा एक डिओ, म्हणजे डीपीच्या खांबावरचा वरचा फ्यूज, उडालाय. रोहित्राची बांधणीच अशी असते की एक बाजू गेली की एक फेज पूर्ण राहतो आणि दोन अर्ध्यावर येतात. मोटर ताबडतोब बंद करा. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर तोडणारा) असेल तर तो करेलच, काढून ठेवला असेल तर मोटर पाच-दहा मिनिटांत जाईल.

डिओबद्दल एक कडक शब्द. ६३ च्या रोहित्राचा ११ केव्हीच्या बाजूचा पूर्ण प्रवाह फक्त ३.३ अँपिअर आहे. तिथं विझलच्या तारेचा एक पदर बांधला तर तो शंभर अँपिअरलाही वितळत नाही. मग फ्यूज जायचा तो रोहित्र जातं. दहा रुपयांचं काम वाचवायला आख्ख्या डीपीचा हंगाम घालवला जातो, आणि असं बांधायला गावातला पोरगा चढतो, जो कधीकधी खाली जिवंत येत नाही. डीपीला हात लाइनमनचाच.

हे सगळं करूनही भार क्षमतेच्या वर असेल तर डीपी वाढवून घेणं, जादा डीपी बसवणं किंवा उच्चदाब वितरण प्रणाली, म्हणजे एक-दोन पंपांना एक छोटं रोहित्र, हाच मार्ग. ११ केव्हीवर तेवढीच वीज न्यायला प्रवाह सव्विसावा भाग लागतो, म्हणून शेवटच्या शेतातही व्होल्टेज मिळतं. फीडर सौर वाहिनीवर गेला असेल तर पाळी दिवसाची येते आणि रात्रीचं दार धरणं सुटतं. पण डीपीवरची गर्दी त्याने कमी होत नाही, उलट सगळ्यांची मोटर त्याच आठ तासांत येते.

जळालेल्या डीपीसाठी वीज नियामक आयोगाच्या कृतीमानकांत ग्रामीण भागाला ४८ तासांची मुदत आहे. तक्रार १९१२ या फोन क्रमांकावर नोंदवा आणि तिचा क्रमांक ठेवा. क्षमतावाढीचा अर्ज उपविभागात देताना 'व्होल्टेज मिळत नाही' एवढंच लिहू नका. डीपीचा क्रमांक, तिची केव्हीए, त्यावरच्या प्रत्येक पंपाचा ग्राहक क्रमांक आणि खरी एचपी, आणि सलग सात दिवसांची नोंद जोडा: मोटरी चालू झाल्यावर अर्ध्या तासाने आणि चार तासांनी, डीपीजवळच्या स्टार्टरवर आणि शेवटच्या स्टार्टरवर, तिन्ही फेजमधलं व्होल्टेज आणि प्रत्येक फेजचे अँपिअर. डीपीजवळ ४१० आणि शेवटाला ३३० आलं तर दोष तारेचा. डीपीजवळच ३५० असेल आणि मोटरी बंद केल्यावर ४१० ला जात असेल तर रोहित्र अपुरं. मोटरी बंद करूनही ३७० च्या वर जात नसेल, तर तुमची डीपी सोडा, ११ केव्हीचा फीडरच उपाशी आहे, आणि अर्जावर शेजारच्या चार डीपींच्या लोकांच्याही सह्या घ्या.